प्रेषित संत योहान आणि आपल्या हातीं दिलेली ठेव

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त, नाताळाच्या तिसऱ्या दिवशीं, हिंगोली जिल्ह्यांतील भाविकांपुढें दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवांत दोन शब्द बोलावे अशी आज्ञा मला झाली, तेव्हां मीं प्रथम नकारच दिला. मी कांहीं पंडित नव्हे. तीस वर्षें शाळेंत पोरांना बाराखडी आणि पाढे शिकविले व रविवारीं त्यांनाच धर्मशिक्षण दिलें, एवढीच माझी पुंजी. परंतु दिवस कोणता, असें विचारल्यावर डिसेंबरची २७ तारीख, असें उत्तर आलें, आणि माझा नकार तेथेंच गळाला. हा प्रेषित संत योहानाचा सण. आणि या संताचें एक जुनें देणें मी लागतों. तें आज आपणां सर्वांच्या समक्ष मान्य करावें, असें मनांत आलें. तें देणें कोणतें, हें मी पुढें सांगेन. आधीं ज्याचा सण आहे त्याचा परिचय करून घेऊं.

नाताळाची रात्र संपली कीं सण संपला, अशी आपली समजूत असते. पंगती उठतात, पुण्या-मुंबईहून आलेलीं मुलें परतीची गाडी पाहतात, आणि तिसऱ्या दिवशींच्या मिस्साला देवळांत मोजकीं माणसें उरतात. पवित्र ख्रिस्तसभेचा हिशेब मात्र निराळा आहे. तिनें बाळ येशूच्या गव्हाणीशीं लागून तीन सण ठेविले आहेत. २६ तारखेस पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन, २७ तारखेस प्रेषित संत योहान, आणि २८ तारखेस हेरोदानें मारविलेलीं निरपराध बालकें. एकानें रक्त दिलें, बालकांनीं नकळत प्राण दिले, आणि योहानानें दीर्घ आयुष्यभर प्रीति दिली. बारा प्रेषितांपैकीं गव्हाणीच्या इतक्या जवळ उभें राहण्याचा मान आज या एकालाच आहे. पूर्वीं २१ डिसेंबर रोजीं संत तोमाचा सण असे. म्हणजे नाताळाच्या अलीकडे तोमा आणि पलीकडे योहान, असे दोन प्रेषित बाळाच्या दोहों बाजूंस उभे असत. १९६९ सालीं सणांची नवी व्यवस्था झाली, तेव्हां तोमाचा सण ३ जुलैला गेला व योहान आपल्या जागीं राहिला.

प्रेषितांची भक्ति ही परदेशाहून आलेली नवलाई आहे, असें आपले शेजारी कधीं कधीं म्हणतात. त्यांस सांगावें कीं या भूमीला आणि या भाषेला प्रेषितांची ओळख फार जुनी आहे. १३२१ सालीं ठाणें येथें चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना हौतात्म्य आलें, तेव्हां जॉर्डनस नांवाच्या डोमिनिकन धर्मगुरूनें त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन संत तोमाच्या नांवाच्या देवळांत पुरले. म्हणजे सातशें वर्षांपूर्वीं आपल्या कोंकणपट्टींत प्रेषिताच्या नांवाचें देऊळ उभें होतें. पुढें १६१६ सालीं फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' गोव्यांत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ आपल्या मराठींत आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १६२९ ते १६३४ या काळांत, फादर एतिएन द ला क्र्वा या फ्रेंच जेसुइटाचें संत पेत्रावरील ओवीबद्ध पुराण प्रसिद्ध झालें. शिवछत्रपतींचा जन्म १६३० चा. म्हणजे ज्या सुमारास शिवनेरीवर तो पाळणा हलत होता, त्याच सुमारास एका प्रेषिताचें चरित्र मराठी ओवींतून छापून बाहेर येत होतें. आपल्या मराठवाड्यांत शुभवर्तमान उशिरां आलें हें खरें. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवाच्या संस्थेचे धर्मगुरु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगांवच्या बाजूस पायीं व घोड्यावरून हिंडूं लागले. आणि औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ सालीं स्थापन झाला. आपला हिंगोली जिल्हा तर त्याहूनही धाकटा. १९९९ च्या १ मे रोजीं तो परभणीपासून वेगळा झाला. आपण वयानें लहान आहोंत. परंतु ज्या भाषेंत आपण प्रार्थना करतों, ती या कामांत लहान नाहीं.

आतां संत योहानाकडे वळूं. त्याच्या शुभवर्तमानांत एक नवल आहे. त्यांत गव्हाणी नाहीं, मेंढपाळ नाहींत, तारा नाहीं, मागी नाहींत. तरीही नाताळाच्या दिवशींच्या मिस्सांत ख्रिस्तसभा योहानाचेंच शुभवर्तमान वाचते. त्याचें कारण असें कीं मत्तय व लूक यांनीं त्या रात्रीं काय घडलें तें सांगितलें, आणि योहानानें जो जन्मला तो कोण, हें सांगितलें. आरंभापासून देवापाशीं असलेला, ज्याच्या द्वारें सर्व कांहीं निर्माण झालें, तो देवाचा शब्द देहधारी झाला, हा त्याच्या साक्षीचा गाभा. आपल्यांतील वृद्धांस आठवत असेल कीं पूर्वीं लॅटिन मिस्साच्या शेवटीं धर्मगुरु वेदीच्या डाव्या बाजूस जाऊन एक छोटें शुभवर्तमान वाचीत, आणि मध्येंच सर्वजण गुडघा टेकीत. तें याच योहानाच्या पहिल्या अध्यायाचें वाचन होतें. १५७० सालच्या मिस्सा-ग्रंथापासून १९६५ सालापर्यंत, कांहीं थोडे दिवस वगळतां, प्रत्येक मिस्साचा शेवट त्यानेंच होत असे. आपल्या आजोबा-पणजोबांना त्यांतील एक अक्षरही कळत नसेल; पण देव देहधारी झाला, हें शब्द येतांच त्यांचे गुडघे वाकत. ज्ञान मागून आलें तरी चालतें. गुडघा आधीं वाकावा लागतो.

याच ठिकाणीं योहानानें वापरलेला एक ग्रीक शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. देहधारी शब्दानें आपल्यामध्यें वस्ती केली, असें आपण मराठींत म्हणतों. परंतु मूळ शब्दाचा अर्थ पाल ठोकणें, तंबू टाकणें, असा आहे. पाल म्हणजे काय, हें या जिल्ह्यांतील माणसाला समजावून सांगावें लागत नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडील कितीतरी कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन ऊंसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रांत, कर्नाटकांत, कारखान्याच्या तळावर उंसाच्या पाचटाची कोपी बांधून तीं मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. तेथें नवरा-बायको मिळून एक 'कोयता' म्हणून मोजलीं जातात. माणूस म्हणून नव्हे, हत्यार म्हणून. पहाटेच्या थंडींत उंसाचीं पानें हात कापतात, आणि लेंकरें कोपीच्या तोंडाशीं शेकोटीजवळ बसून असतात. बंधुभगिनींनो, नाताळाच्या रात्रीं आपल्या बाकांवर ज्या जागा रिकाम्या दिसल्या, त्यांपैकीं पुष्कळशा अशाच कोप्यांत झोपलेल्या माणसांच्या होत्या. योहान आपणांस सांगतो कीं देवानें मनुष्यांत घर बांधलें नाहीं, वाडा बांधला नाहीं; त्यानें पाल ठोकलें. तेव्हां तो या वर्षीं कोणाच्या शेजारीं उतरला असेल, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

हें सांगणारा योहान होता तरी कसा? चित्रांतून आपण त्याला कोमल चेहऱ्याचा, बिनदाढीचा तरुण म्हणून पाहतों. परंतु शुभवर्तमानें निराळेंच सांगतात. गालील सरोवरावरील जब्दी नांवाच्या कोळ्याचा हा मुलगा, याकोबाचा भाऊ; आणि प्रभूनें या दोघां भावांचें नांव ठेविलें 'गर्जनेचे पुत्र'. एका शोमरोनी गांवानें प्रभूला उतरूं दिलें नाहीं, तेव्हां आकाशांतून अग्नि पाडून तें गांव जाळूं काय, असें विचारणारे हेच दोघे. राज्यांत प्रभूच्या उजवी-डावीकडील आसनें मागणारेही हेच. म्हणजे प्रीति हा योहानाचा जन्मस्वभाव नव्हता. तो त्याचा धडा होता. शेवटच्या भोजनाच्या वेळीं तो प्रभूच्या उराशीं टेकून बसला; क्रूसाखालीं उभा राहिला; आणि तेथें प्रभूनें आपली माता त्याच्या हातीं, व त्याला मातेच्या हातीं, सोंपविलें. त्या घटकेपासून त्यानें पवित्र मरियेला आपल्या घरीं नेलें. ही त्याला मिळालेली पहिली ठेव. तिच्या तोंडून गव्हाणीची हकीकत त्यानें किती वेळां ऐकली असेल! त्यानें ती लिहिली नाहीं. परंतु आपल्या पहिल्या पत्राच्या आरंभींच तो सांगतो कीं आम्हीं जें ऐकलें, डोळ्यांनीं पाहिलें व हातांनीं चांचपलें, तेंच तुम्हांला कळवितों. आजच्या मिस्सांत आपण हेंच वाचन ऐकलें. देव हाताला लागला, असें सांगणारा हा प्रेषित आहे.

आपल्या जिल्ह्यांतील नरसी हें संत नामदेवांचें जन्मगांव मानलें जातें. बाळ नामदेवाच्या हातून देवानें नैवेद्य खाल्ला, ही कथा आपले शेजारी प्रेमानें सांगतात. देव हाताच्या अंतरावर यावा, ही ओढ या मातीला परकी नाहीं. संत योहानाची साक्ष अशी कीं बेथलेहेमांत ती ओढ पुरी झाली; देवानें आपणहून आपला हात, तोही तान्ह्या बाळाचा मुठी मिटलेला हात, माणसाच्या हातांत दिला.

ख्रिस्तसभेच्या परंपरेप्रमाणें योहान पुढें एफेस नगरींत राहिला व ९८ सालीं गादीवर आलेल्या सम्राट त्राजानाच्या काळापर्यंत जगला. त्याच्या म्हातारपणाची एक हकीकत आलेक्झांड्रियाच्या क्लेमेंतानें इसवी सनाच्या २०० च्या सुमारास लिहून ठेविली, व पुढें इतिहासकार युसेबियानें ती आपल्या ग्रंथांत जपली. ती आपण लक्ष देऊन ऐकावी.

योहान एका नगरीस गेला असतां तेथें त्याला एक तडफदार तरुण दिसला. त्यानें त्या नगरीच्या बिशपांकडे वळून, सर्व मंडळीच्या व ख्रिस्ताच्या साक्षीनें हा मुलगा मी तुमच्या हातीं देतों, असें सांगितलें. बिशपांनीं त्याला घरीं नेलें, शिकविलें, बाप्तिस्मा दिला. आणि आतां याचें काम झालें, असें समजून लक्ष सैल केलें. मुलाला उनाड सोबती मिळाले. आधीं जेवणावळी, मग रात्रीच्या चोऱ्या, मग त्याहून मोठें. आणि शेवटीं तो डोंगरांतील दरोडेखोरांचा नाईक झाला. कांहीं काळानें योहान पुन्हां त्या नगरीस आला. काम आटोपल्यावर त्यानें बिशपांकडे आपली ठेव परत मागितली. बिशप गोंधळले, त्यांस वाटलें, हे पैशाबद्दल बोलतात, आणि पैसे तर आपण कधीं घेतले नाहींत. तेव्हां योहानानें त्या तरुणाचें नांव काढलें. बिशप सुस्कारा टाकून म्हणाले कीं तो मेला. आणि कसा मेला असें विचारल्यावर म्हणाले कीं देवाला मेला.

योहानानें आपलीं वस्त्रें फाडलीं, घोडा व वाटाड्या मागितला, आणि होता तसा निघाला. डोंगरांत पहारेकऱ्यांनीं त्याला धरलें. तो सुटकेची विनंति न करतां म्हणाला कीं मी याचसाठीं आलों, मला तुमच्या नाईकाकडे न्या. नाईक शस्त्र घेऊन उभा होता. परंतु योहानाला ओळखतांच तो लाजेनें पळूं लागला. आणि तो म्हातारा, आपलें वय विसरून, त्याच्यामागें धांवला. बापाला भिऊन कां पळतोस, मी तर म्हातारा आणि निःशस्त्र आहें. तुझा जाब मी ख्रिस्तापुढें देईन, लागल्यास तुझें मरण मी सोसीन, असें तो ओरडून सांगत होता. तरुण थांबला. त्यानें शस्त्रें टाकलीं, थरथर कांपत रडूं लागला, आणि म्हाताऱ्याच्या गळ्यांत पडला. पण उजवा हात मात्र त्यानें वस्त्राखालीं लपवून ठेविला. योहानानें तोच हात बाहेर काढून त्याचें चुंबन घेतलें, आणि त्याला मंडळींत परत आणलें.

ही हकीकत मीं वर्गांत कितीतरी वेळां सांगितली आहे. आतां ज्या देण्याचा आरंभीं उल्लेख केला, तें सांगतों.

बऱ्याच वर्षांपूर्वीं एका मजुराच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा राहिलों. बापाला वाचतां येत नव्हतें. गुरुजींच्या हातीं लेंकरूं दिलें, आतां काळजी नाहीं, असें तो म्हणाला. मुलगा माझ्याच वर्गांत चौथीपर्यंत शिकला. मग आई-बाप त्याला ऊंसतोडीला बरोबर नेऊं लागले, आणि त्याची शाळा सुटली. मीं दोन वेळां निरोप पाठविला, आणि माझें कर्तव्य झालें असें मानलें. पुढें एका नाताळाच्या रात्रीं तो मिस्साच्या वेळीं देवळाच्या दाराशीं आला. विशीच्या आंतबाहेरचा असेल. तोंडाला दारूचा वास येत होता. पाय स्थिर नव्हते. माझ्याकडे त्या रात्रीं दाराची व्यवस्था होती. चारचौघांत शोभा नको, म्हणून मीं त्याला दंडाला धरून बाहेर पायरीवर बसविलें, आणि आंत येऊन दार लोटून घेतलें. आंत योहानाच्या साक्षीचें गाणें चाललें होतें, आणि ज्याच्यासाठीं मीं बाप्तिस्म्याच्या कुंडाशीं शब्द दिला होता तो थंडींत पायरीवर बसला होता. मिस्सा झाल्यावर मीं बाहेर पाहिलें. पायरी रिकामी होती.

तिसऱ्या दिवशीं, म्हणजे संत योहानाच्या सणाला, मी नेहमींप्रमाणें मुलांना ही ठेवीची गोष्ट सांगावयास बसलों. आणि बिशपांच्या उत्तरापाशीं येऊन माझें बोलणें थांबलें. मुलें पुढें काय, पुढें काय, म्हणून विचारूं लागलीं. मला सांगवेना.

तरीही मी लगेच उठून गेलों, असें खोटें मी येथें सांगणार नाहीं. मला तीन वर्षें लागलीं. त्याचा बाप वारला, तेव्हां मुलाचा ठावठिकाणा मला मुकादमाकडून कळला. आणि जानेवारींत मी एका कारखान्याच्या तळावर गेलों. कोप्यांच्या रांगा, बैलगाड्या, चुलींचा धूर. तो उंसाच्या फडांतून नुकताच आला होता. हातांना चिरा पडल्या होत्या. मला पाहून तो पळाला नाहीं. परंतु खालीं पाहूं लागला. कोणीं कोणाची क्षमा मागावी, हें माझें मला ठाऊक होतें. ती मीं मागितली. तो कांहींच बोलला नाहीं. आपल्याकडे दारीं आलेल्याला गूळ-पाणी देतात, त्या रीतीनें त्याच्या बायकोनें पितळीच्या तांब्यांत पाणी आणि तळहातावर गुळाचा खडा आणून दिला. मीं पाणी प्यालों. तेव्हां तो म्हणाला, "गुर्जी, लेकीचा बाप्तिस्मा राह्यलाय. तुमी उभं ऱ्हाताल का?"

त्या उन्हाळ्यांत टोळी परत आल्यावर त्या मुलीचा बाप्तिस्मा याच धर्मग्रामांत झाला. तिचा बाप आज दर रविवारीं मिस्साला येतो, असें मी म्हणणार नाहीं. त्याची दारू सुटते आणि पुन्हां लागते. परंतु आतां तो देवळाच्या पायरीवर बसला, तर मीही त्याच्याशेजारीं पायरीवर बसतों. एवढाच माझ्या हातून झालेला हिशेब आहे. आणि तो पुरा झालेला नाहीं.

दारूचा विषय निघाला, म्हणून संत योहानाच्या सणाशीं जोडलेली एक जुनी चाल सांगतों. या संताच्या चित्रांत त्याच्या हातीं एक प्याला व त्यांतून बाहेर पडणारा साप दाखवितात. एफेस येथें त्याला विषाचा प्याला देण्यांत आला, त्यानें त्यावर आशीर्वाद म्हटला, आणि तें विष त्याला बाधलें नाहीं, अशी प्राचीन आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ रोमन विधिग्रंथांत २७ डिसेंबरला द्राक्षरसाला आशीर्वाद देण्याची प्रार्थना दिली आहे. आणि जर्मन भाषेच्या मुलुखांत त्या दिवशीं घरचीं माणसें एकमेकांना तो प्याला 'संत योहानाची प्रीति' म्हणून देत असत. आपल्याकडे ही चाल जशीच्या तशी आणावी, असें मी मुळींच म्हणणार नाहीं. आपल्या वस्त्यांत प्याल्यानें किती घरें बसलीं, हें येथें बसलेल्या माता-भगिनींस माझ्याहून अधिक ठाऊक आहे. आपल्याकडे प्याल्यांतला साप अजून जिवंत आहे. परंतु त्या चालीचा आत्मा आपण घ्यावा. आपल्याजवळ गूळ-पाणी आहे. ज्या उंसापायीं आपलीं माणसें नाताळाला घरापासून दूर असतात, त्याच उंसाचा तो गूळ आहे. संत योहानाच्या दिवशीं, ज्याच्याशीं आपलें बोलणें बंद आहे, मग तें बांधावरून असो, विहिरीच्या पाण्यावरून असो, सोयरिकीवरून असो वा देवळांतील मानपानावरून असो, त्याच्या घरीं जाऊन गूळ-पाणी मागून प्यावें, किंवा त्याला बोलावून द्यावें. अठरा-एकोणीस दिवसांनीं आपले शेजारी तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतात. आपल्या प्रेषिताच्या दिवशीं आपण त्यांच्या दोन पावलें आधीं निघालों, तर त्यांत आपली शोभाच आहे.

मानपानाचा उल्लेख मीं मुद्दाम केला. महोत्सवाच्या तयारींत कोणाचें नांव पत्रिकेंत वर आलें, कोणाचें खालीं, कोणाच्या वस्तीला अगोदर विचारलें, यावरून आपल्यांत काय बोललें गेलें, तें आपण सर्व जाणतों. उजवी-डावीकडील आसनें मागणारे आपणही आहोंत. परंतु नाताळाच्या या काळांत ख्रिस्तसभेनें कोणतें पुस्तक आपल्यापुढें उघडून ठेविलें आहे, तें पाहा. आजपासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रोजच्या मिस्साचें पहिलें वाचन बहुतेक दिवशीं संत योहानाच्या पहिल्या पत्रांतून येतें. जवळजवळ सबंध पत्र या दिवसांत वाचून होतें. २९ तारखेचें वाचन असें सांगतें कीं मी प्रकाशांत आहें असें म्हणून जो भावाचा द्वेष करतो, तो अजून अंधारांतच आहे. आणि पुढें तेंच पत्र विचारतें कीं डोळ्यांपुढच्या भावावर ज्याला प्रीति करतां येत नाहीं, तो न पाहिलेल्या देवावर प्रीति करतो हें खरें कसें मानावें? गव्हाणींतील बाळाला फुलें वाहणें सोपें आहे. तें बाळ आपल्याशीं भांडत नाहीं. ज्यानें गर्जनेच्या पुत्रापासून प्रीतीचा प्रेषित होईपर्यंतची वाट स्वतः चालली, त्यालाच हें सांगण्याचा अधिकार. हें पत्र पांचच अध्यायांचें आहे. घरीं दिवा लागल्यावर रोज थोडें वाचावें. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस शाळेंत जाणाऱ्या नातीनें वाचून दाखवावें. आणि जे तळावर आहेत त्यांस फोनवरून ऐकवावें. संत योहानाची याहून सोपी व याहून खरी भक्ति मला ठाऊक नाहीं.

आतां शेवटचें. महोत्सव म्हणजे हिशेबाचें वर्ष. जुन्या करारांत पन्नासावें वर्ष हें ज्याचें त्याला परत करण्याचें वर्ष होतें. आपण या महोत्सवांत देवळाला रंग दिला, घंटा उजळली, ही पुस्तिका छापली. हें सर्व योग्यच झालें. परंतु फादरांच्या कपाटांत बाप्तिस्म्याची एक वही आहे. ती माझ्या दृष्टीनें आपली खरी ठेवींची वही आहे. त्यांतील प्रत्येक ओळ म्हणजे एक लेंकरूं, आणि प्रत्येक ओळींत धर्मपित्याचें व धर्ममातेचें एक एक नांव. आपल्यापैकीं कितीतरी जणांचीं नांवें त्या वहींत आहेत. माझी विनंति अशी कीं या वर्षांत प्रत्येकानें आपलें नांव जेथें असेल ती ओळ एकदां पाहावी, आणि तें लेंकरूं आज कोठें आहे, याची चौकशी करावी. कोणी पुण्याच्या बांधकामावर असेल, कोणी ऊंसाच्या फडांत, कोणी तुरुंगांत, कोणी शेजारच्याच गल्लींत, पण आपल्यावर रागावून बसलेलें. त्या बिशपांचें उत्तर आपण देऊं नये. माणूस जिवंत असतां तो देवाला मेला, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. घोडा मागावा आणि निघावें; घोडा नसेल तर एस.टी. आहे.

संत जेरोम लिहितात कीं योहान इतका थकला कीं शिष्य त्याला उचलून मंडळींत आणीत, आणि तो दर वेळीं एवढेंच सांगे कीं लेंकरांनो, एकमेकांवर प्रीति करा. रोज तेंच तेंच ऐकून कंटाळलेल्या शिष्यांनीं कारण विचारलें, तेव्हां तो म्हणाला कीं ही प्रभूची आज्ञा आहे, आणि एवढी पाळली तरी पुरे. मीही म्हातारा झालों आहें, आणि मला याहून नवें सांगतां येत नाहीं.

ज्यानें आपली माता योहानाच्या हातीं सोंपविली आणि आपलें बाळपण मनुष्याच्या हातीं दिलें, तो प्रभु येशू ख्रिस्त आपल्या हातीं दिलेली ठेव सांभाळण्याचें बळ आपणांस देवो. प्रेषित संत योहान, आमच्यासाठीं विनंति कर. आमेन.